दफ्तराबाहेरची बोली

मराठीच्या बोलींची नावे सांगू लागलेला मनुष्य वऱ्हाडी, झाडी, अहिराणी, मालवणी, चित्पावनी, कोल्हापुरी अशी महाराष्ट्राची प्रदक्षिणा पुरी करून येतो. परंतु क्षेत्रफळाने राज्यात पहिला, १७ हजार चौरस किलोमीटरांवर पसरलेला आणि १४ तालुके पोटात घेऊन बसलेला जो जिल्हा परवापरवापर्यंत अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने सरकारी दफ्तरात नोंदला आहे, त्याच्या बोलीचे नाव काही त्याच्या तोंडी येत नाही. ‘नगरी’ नावाची बोली आहे असे व्याकरणकार सांगत नाहीत, ग्रामीण विनोदाचे कार्यक्रम करणारे नट तिची नक्कल करीत नाहीत, आणि खुद्द नगरकराला विचारावे तर तो ‘आमची काय, आपली साधीच मराठी’ असे म्हणून विषय संपवतो. (गावाच्या नावाचेही तेच. पाटी कोणतीही लागो, एस.टी.चा वाहक आणि बाजाराला निघालेली म्हातारी या दोघांच्या तोंडी ते पूर्वीही ‘नगर’च होते आणि आजही ‘नगर’च आहे.)

ही साधी मराठी किती साधी आहे, हे जिल्हा उभा-आडवा हिंडल्यावाचून कळत नाही. उत्तरेस कोपरगाव-संगमनेरकडे, नाशिकच्या अंगाला, ‘काय करू राहिला’, ‘मी येऊ राहिलो’ अशी क्रियापदाची चाल कानी पडते, दक्षिणेस जामखेड मागे टाकून बीडच्या वाटेला लागावे, तो तेच काम ‘करायलाय’, ‘यायलाय’ ही रूपे करू लागतात, पारनेर-श्रीगोंद्याहून पुण्याकडे येणाऱ्या रस्त्यावर ‘करतोय’चा अंमल सुरू होतो, आणि पश्चिमेस अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या आसपासच्या डोंगरांत, महादेव कोळी आणि ठाकर यांचे बोलणे सह्याद्रीच्या पलीकडील उतारावरच्या बोलींशी सोयरीक सांगते. एक रूप जेथे संपते आणि दुसरे सुरू होते तेथे भाषाशास्त्रज्ञ नकाशावर रेघ ओढतो; परंतु क्रियापदाची रेघ एका गावाबाहेरून जाते, आत्याला ‘मावळण’ म्हणणाऱ्यांची दुसऱ्या गावाबाहेरून, आणि शेताला ‘वावर’ म्हणणाऱ्यांची तिसऱ्याच नदीच्या काठाने. या रेघा जेथे दाटीने एकत्र येतात तेथे आपण बोलीला नाव देतो, जेथे त्या विखुरतात तेथे ‘साधी मराठी’ म्हणून मोकळे होतो. नगर जिल्हा अशा विखुरलेल्या रेघांचा प्रदेश आहे, आणि माझ्या मते भाषेचा अभ्यास म्हणजे काय हे समजून घ्यायला अशा बिननावाच्या प्रदेशाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कारण येथे बोली अभ्यासकाच्या हाती तयार पुडक्यात बांधून येत नाही, ती त्याला ऐकावी लागते, आणि ऐकणारा कोण, कोणाच्या पगारावर, कोणत्या रकान्यात भरण्यासाठी ऐकतो आहे हा प्रश्न लपवता येत नाही.

त्या प्रश्नाचा इतिहास या जिल्ह्यात सात शतकांहून जुना आहे. प्रवरेच्या काठी नेवाशास, जेथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो ‘पैसा’चा खांब आज मंदिराच्या गाभाऱ्यात उभा आहे, आणि त्यावर देवाच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा संस्कृत लेख कोरलेला आहे. दानाची नोंद संस्कृतात आणि त्याच खांबाला टेकून सांगितलेली टीका मराठीत, ही वाटणी त्या काळच्या भाषाव्यवहाराचा संपूर्ण आराखडाच होय: टिकवायचे ते संस्कृतात, समजवायचे ते देशीत. शके १२१२, म्हणजे १२९० सालची ती टीका सच्चिदानंदाने लिहून घेतली. तीनशे वर्षांच्या आत नकलाकारांच्या हातून तिचे पाठ इतके बहकले की १५८४ मध्ये पैठणास एकनाथांना ते तपासून शुद्ध करावे लागले. आणि १९०९ साली इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपल्या हाती आलेल्या जुन्या पोथीवरून त्या मराठीचे व्याकरण रचले. सांगणारा, लिहिणारा, पाठ शुद्ध करणारा आणि व्याकरण काढणारा असे चौघे या एका ग्रंथाभोवती उभे आहेत, आणि भाषाशास्त्राला लागणारी बहुतेक सर्व कामे त्यांच्यात वाटली गेली आहेत.

ज्ञानेश्वरांचे त्यापुढचे कर्तृत्व मात्र भाषाशास्त्राच्या इतिहासात सहसा कोणी नोंदवीत नाही. ‘अमृतानुभवा’चे सहावे प्रकरण शब्दखंडनाचे आहे. शब्दाचे उपकार आधी मोकळेपणाने मान्य करून, विसरलेल्याची आठवण करून देणे हेच त्याचे सामर्थ्य असे ठरवून, मग जे कधी विसरलेच गेले नाही तेथे शब्दाने काय करावे असा पेच त्यात घातला आहे. अर्थ ही वस्तू शब्दात भरून ठेवलेली नसून ऐकणाऱ्याच्या ठिकाणी आधीच असलेल्या कशाला तरी शब्द जागे करतो, हा विचार आधुनिक अर्थविज्ञानाच्या वाचकाला परका वाटणार नाही. तो तत्त्वज्ञानासाठी मांडला गेला, भाषाशास्त्रासाठी नव्हे, हे कबूल. तरी पुढे घोडेगावच्या बाजाराची गोष्ट निघेल तेव्हा त्याची आठवण ठेवावी.

निजामशाहीने या भूमीत दुसरे दफ्तर उघडले. मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभारले आणि चार वर्षांनी नगर शहर वसवण्यास आरंभ केला. दरबार फारसीत बोलू लागला, वसुलाचे हिशोब मात्र गावोगावचे कुलकर्णी-देशपांडे मराठीत, मोडी अक्षरात, ठेवीत राहिले, आणि या दोन लेखण्यांच्या घर्षणातून जी मराठी निघाली तिच्यावाचून आजही पंचनामा होत नाही की वसुली होत नाही. प्रस्तुत लेखालाही दफ्तर, रकाना, अंमल, नक्कल हे शब्द वगळून दोन पाने पुढे सरकता येणार नाही. राजवाड्यांनी या मिश्रणाची मोजदाद केली होती: १६२८ सालच्या कागदात मराठी शब्द शेकडा १४, १६७७ च्या कागदात ६२ आणि १७२८ च्या कागदात ९३. मराठ्यांचे राज्य झाले आणि भाषा मुक्त झाली, असा त्याचा अर्थ लावण्याची प्रथा पडली. आकडे आकर्षक आहेत. परंतु थोड्याशा कागदांवरून निघालेले शेकडेवारीचे आकडे त्या कागदांचे लेखक, त्यांचे खाते आणि त्यांचा वाचक यांचे आकडे असतात, साऱ्या समाजाच्या तोंडचे नव्हेत. दरबारी कारकून फारसीमिश्रित लिहीत होता त्याच दिवशी प्रवरेकाठची बाई जात्यावर काय गात होती, हे त्या मोजदादीत कोठेच येत नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस जात्यावरच्या ओव्या एकेका बाईच्या तोंडून गोळा करून त्यांची संख्या लाखाच्या पलीकडे नेली, तेव्हा कोठे त्या दुसऱ्या बाजूची काही मोजदाद झाली.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरात ठाणे केले, १८४२ मध्ये येथूनच ‘ज्ञानोदय’ काढला, आणि सिंथिया फॅरार यांच्या शाळेत मुली अक्षर गिरवू लागल्या. या मंडळींना महार-मांगांच्या वस्तीत कळेल अशी मराठी लिहिणे भाग होते. ती त्यांना साधली किती, हा वादाचा विषय. पुढे नारायण वामन टिळकांनी भजन-अभंगाच्या वाटेने आणि लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’तील बोलत्या गद्याने ती उणीव भरून काढली, एवढे म्हणून पुढे जाऊ.

कारण खरा विचार करायला लावणारे दफ्तर त्यानंतरचे आहे. जॉर्ज ग्रिअर्सन या सनदी अधिकाऱ्याने १८९४ च्या सुमारास हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी आरंभली. ती १९२८ पर्यंत चालली आणि तिच्यात १७९ भाषा व ५४४ बोली नोंदल्या गेल्या. ग्रिअर्सन स्वतः खेडोपाडी हिंडला नाही. त्याने जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेऱ्यांना नमुने मागितले: उधळ्या पुत्राच्या बायबलातील दृष्टांताचे स्थानिक बोलीत भाषांतर, तेथलीच एखादी गोष्ट किंवा गाणे, आणि २४१ शब्द-वाक्यांची एक यादी. दृष्टांत निवडला तो धर्मप्रसारासाठी नव्हे; त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, आणि भूत, वर्तमान, भविष्य हे तिन्ही काळ येतात म्हणून. योजना चोख होती. परंतु कलेक्टराने मामलेदाराला, मामलेदाराने कारकुनाला किंवा शाळामास्तराला सांगायचे, आणि त्याने कोणा कुणब्याला समोर बसवून वडिलांनी पुष्ट वासरू कापल्याचा प्रसंग त्याच्या बोलीत सांगायला लावायचे, या उतरंडीत कुणब्याची बोली किती खाली राहिली आणि मास्तराची किती वर आली हे कोण सांगणार? सरकारी माणसासमोर शेतकरी जे बोलतो ते घरच्या ओसरीवरचे नसते, हे मास्तरालाही ठाऊक होते. रकाना मात्र भरायचा होता. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात पुण्याची मराठी प्रमाण, आणि देशावरची बाकीची मराठी त्या प्रमाणाच्या आजूबाजूला. नगरसारखा जिल्हा बिननावाचा राहिला त्याचे मूळ येथेच शोधावे लागते.

ग्रिअर्सनच्या पाहणीत भटक्या जमातींच्या भाषाही आल्या. कैकाडी ही तमिळच्या घराण्यातली आणि वडारी ही तेलुगूच्या, हे चौथ्या खंडात दाखवले गेले. अकराव्या खंडात, १९२२ साली, कोल्हाटी, गारुडी, म्यानवाले, सिकलगार यांच्या बोलींना जागा मिळाली. शुद्ध ज्ञान म्हणून हे काम मोलाचेच. पण त्याच काळात, १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची रीत घालून दिलेली असताना, मायकेल केनेडी या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातील तथाकथित गुन्हेगार वर्गांवरील टिपणांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यात त्या त्या जमातीच्या गुप्त शब्दांच्या याद्याही घातल्या. म्हणजे तोच शब्द भाषाशास्त्रज्ञाच्या वहीत पुरावा म्हणून गेला आणि फौजदाराच्या वहीतही पुरावा म्हणूनच गेला. देणाऱ्याने तो कोणत्या वहीसाठी दिला, किंवा मुळात स्वखुशीने दिला काय, याची नोंद दोन्हींत नाही. हा कायदा १९५२ मध्ये गेला. परक्या माणसाने कागद-पेन्सिल काढताच शब्द गिळून टाकण्याची सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

हे ज्याला पाहायचे असेल त्याने पाथर्डी तालुक्यातील मढीस होळीपासून रंगपंचमीपर्यंतच्या दिवसांत जावे. कानिफनाथांच्या समाधीचा हा गड अठरापगड भटक्यांचे आराध्यस्थान. गोपाळ, कैकाडी, वैदू, कोल्हाटी, वडार, बेलदार दूरदूरच्या जिल्ह्यांतून येथे येतात, गाढवांचा बाजार भरतो, आणि पूर्वी जमातींच्या जातपंचायतीही येथेच बसत. एका उतारावर तमिळच्या नात्यातली भाषा, त्याच्याखाली तेलुगूच्या नात्यातली, गुजरातीच्या नात्यातली पारधी, आणि सर्वांच्या मध्ये गिऱ्हाईक, पुजारी आणि पोलीस यांच्याशी बोलायची मराठी. गाढवाच्या दातांवरून वयाचा वाद चालला होता तेथे मी बराच वेळ उभा होतो. विकणारा घेणाऱ्याशी मराठीत बोले, शेजारी बसलेल्या आपल्या बायकोशी एका दमात दुसऱ्या भाषेत, आणि गाढवाशी तिसऱ्याच आवाजात. घेणारा आपली भाषा जाणत नाही याची खात्री झाल्यावर बायकोने किंमत किती ताणायची ते त्याच्यासमोरच, त्याच्याकडे पाहत, हसत सांगितले असावे. निदान नवऱ्याने तिचे ऐकून आकडा वाढवला एवढे मी पाहिले. काय म्हणालात, असे मी नंतर विचारले. ‘काही नाही, चहाचं म्हणत होती,’ असे उत्तर मिळाले. मला ते उत्तर योग्यच वाटले.

गुप्तता ही काही भटक्यांची मिरास नव्हे. पेठेतील सभ्य सराफ-दलालांनीही आपली ‘नंदभाषा’ शतकानुशतके चालवली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तिचे आकडे नोंदलेले आहेत: केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. सावकाराच्या गुप्त भाषेला कोशात मानाची जागा आणि कैकाड्याच्या भाषेला पोलिसांच्या टिपणात, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक भाषेतला नाही. नंदभाषा आता पेठेतून बहुतेक ओसरली. तिची बोटांची भावंडे मात्र जनावरांच्या बाजारात टिकून आहेत. नेवासे तालुक्यातील घोडेगाव म्हशींच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तेथे हेडी आणि शेतकरी म्हशीच्या पाठीशी उभे राहतात, दोघांच्या हातांवर उपरणे किंवा रुमाल पडतो, आणि रुमालाखाली बोटे धरली जातात, सोडली जातात, पुन्हा धरली जातात. वर तोंडाने चालू असते ते सगळे म्हशीच्या दुधाचे, वेताचे आणि देवाधर्माचे बोलणे; व्यवहार खाली. चार बोटे धरली तर चार हे उघड आहे. पण चार हजार, चाळीस हजार की आधी ठरलेल्या रकमेवर आणखी चार, हे बोटांत कोठेच नसते. ते समोरच्या म्हशीत असते, त्या आठवड्याच्या भावात असते, आणि दोघांनी आजवर केलेल्या व्यवहारांत असते.

अर्थ शब्दात किती आणि शब्दाबाहेर किती, हा प्रश्न भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त घातला आणि साहचर्य, प्रकरण, देश, काल अशी अर्थनिश्चितीची साधने त्याने मोजून ठेवली, विसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी तोच प्रश्न नव्या परिभाषेत उभा केला. मला तर रुमालाखालचा हा सौदा या संपूर्ण शास्त्राचा पहिला धडा म्हणून शिकवावासा वाटतो. तेथे शब्द नाही, वाक्य नाही, आणि तरी गैरसमजाला जागा नाही. कारण विसरलेल्याची आठवण करून देणे एवढेच त्या चार बोटांचे काम आहे. नेवासे तेथून फार दूर नाही.

स्वातंत्र्यानंतर भाषा ऐकण्याचे काम कचेरीकडून विद्यापीठाकडे आले. पॅरिसला झ्यूल ब्लॉक यांच्याजवळ शिकून आलेल्या ना. गो. कालेलकरांनी ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या १९६४ च्या ग्रंथात मराठी वाचकाला हे शास्त्र मराठीतून समजावले, अशोक केळकरांनी कॉर्नेलहून परतून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले, ‘वैखरी’सारखे पुस्तक लिहिले, आणि भाषेला समाजाच्या व्यवहारापासून तोडून अभ्यासता येत नाही हे आयुष्यभर सांगितले. अ. मा. घाटगे यांनी राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळासाठी बोलींच्या पाहणीचे खंड सिद्ध केले. पण कुडाळी, काणकोणी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी ही त्यांची नावेच सांगतात की ती नजर बहुतांशी कोकणपट्टीवर होती. चमत्कारिक वाटेल, वेगळे दिसेल, ते आधी. देशावरची ‘साधी मराठी’ मागाहून. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील जाति-वर्गभेदांवर १९७३ मध्ये प्रबंध लिहिला आणि गंपर्झ-विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कन्नड व उर्दू एकाच व्याकरणाच्या साच्यात ओतल्या गेल्याचे दाखवले, तेव्हा साध्या दिसणाऱ्या गावाच्या पोटात काय असते याचा जगाला प्रत्यय आला. दोन्ही गावे नगरची नव्हेत, परंतु नगरच्या कोणत्याही बाजारगावात हाच प्रश्न विचारता येईल.

डेक्कन कॉलेजाने सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली, राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने, अलीकडच्या वर्षांत हाती घेतलेली मराठी बोलींची पाहणी ग्रिअर्सनच्या उतरंडीला दिलेले उत्तर आहे. तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. गावातील निरनिराळ्या वयाच्या, जातींच्या, शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांना समोर बसवून लहान लहान चित्रफिती दाखवायच्या, म्हणजे कोणी फळ कापतो आहे, कोणी दार उघडले आहे, कोणी उठून जातो आहे, आणि ‘काय झालं ते सांगा’ एवढेच म्हणायचे. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात’ असे विचारले की माणूस सावध होतो आणि पुस्तकातले रूप काढून देतो. चित्रात गुंतला की ‘तो आंबा कापू राहिला’ हे आपसूक बाहेर पडते. न्यूयॉर्कच्या दुकानांत विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकात हीच युक्ती केली होती: चौथ्या मजल्यावर असलेल्या वस्तूचा पत्ता प्रत्येक विक्रेत्याला विचारायचा, ‘चौथा मजला’ या दोन शब्दांतला एक व्यंजनध्वनी कोण कसा उच्चारतो ते टिपायचे, आणि विक्रेत्याला काही विशेष घडले असे वाटूही द्यायचे नाही. कोणी ऐकत नसताना लोक कसे बोलतात हे ऐकायचे, हा या शास्त्राचा मूळचा पेच. त्यावर कायमचा तोडगा नाही, फक्त कमी-अधिक चतुर उपाय आहेत.

शास्त्राने एवढे करूनही समाज ज्या प्रश्नावर अडतो तो वेगळाच आहे. ‘पानी’, ‘कोन’, ‘येळ’ म्हणणारा अशुद्ध बोलतो आणि ‘पाणी’, ‘कोण’, ‘वेळ’ म्हणणारा शुद्ध, हे मत नगरच्या शाळामास्तरापासून आमदारापर्यंत सर्वमान्य आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला हसतो. मला वाटते त्याने नुसते हसू नये. ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद ध्वनीच्या दृष्टीने निर्हेतुक असेल. नोकरीच्या मुलाखतीच्या दृष्टीने तो निर्हेतुक नाही. दोन्ही रूपे नियमाने चालतात, दोन्हींना व्याकरण आहे, हे ठामपणे सांगावे. आणि एकीची किंमत समाजाने का चढवून ठेवली तेही त्याच ठामपणे सांगावे, नाहीतर त्याचे सांगणे अर्धेच राहते. अकोले तालुक्यातील धामणगावच्या महारवाड्यात वाढलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा ही किंमत प्रथमच जाहीरपणे मोडीत निघाली. त्या आधी ती बोली छापलीच गेली नव्हती असे नाही. पण छापणाऱ्याने तिला अवतरणचिन्हांत ठेवले होते. पारध्याच्या किंवा ठाकराच्या मुलाला मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी हे अवतरणचिन्ह आजही भेटते: घरची भाषा बोलले तर वर्ग हसतो, शाळेची अजून येत नाही, म्हणून ते गप्प बसते, आणि गप्प बसणे हे मंदबुद्धीचे लक्षण म्हणून नोंदले जाते.

नोंदणीचे सर्वांत मोठे दफ्तर अर्थात जनगणनेचे. २०११ मध्ये देशभर लोकांनी सांगितलेली मातृभाषांची १९,५६९ नावे गणनेच्या कचेरीत पोचली. चाळणी होऊन त्यांच्या १,३६९ मातृभाषा उरल्या, आणि दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या भाषांचा हिशोब १२१ वर थांबला. या चाळणीत मराठीचे ८ कोटी ३० लाख भाषक ठरले. अहिराणीला खानदेशीच्या स्वतंत्र रकान्यात स्थान मिळाले. आणि पाथर्डीच्या तांड्यावरची बंजाऱ्यांची गोरमाटी, जिचा बोलणारा हिंदी भाषकाशी बोलताना भाषा बदलतो, ती हिंदीच्या पोटात जमा झाली. हिशोबनीसाची अडचण मी समजू शकतो, कोठेतरी रेघ ओढावीच लागते. रेघ ओढल्यावर ती निसर्गाने ओढली आहे असे मात्र मानू नये. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून शासनाने २०१२ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद याच जिल्ह्यातील, संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे कादंबरीकार रंगनाथ पठारे यांच्याकडे होते, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तो दर्जा मिळाला. दोन हजार वर्षांच्या शिलालेखांचा पुरावा त्यासाठी मांडावा लागला. आज बोलणाऱ्यांचा पुरावा मागणारी समिती मात्र अजून कोणी नेमलेली नाही.

तो पुरावा कोठे सापडेल म्हणाल, तर मी उसाच्या फडाकडे बोट दाखवीन. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना चालू केला, मागोमाग गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू गावांतून, बीडच्या डोंगरपट्ट्यातून, उसतोड्यांच्या टोळ्या दर हंगामास तेथे येऊ लागल्या. तेथे ‘कोयता’ म्हणजे लोखंडी हत्यार तर खरेच, पण मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांपैकी एकटा आला तर ‘अर्धा कोयता’. उचल दिली जाते ती कोयत्याला, माणसाला नव्हे. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर खाडा पडतो तो तिच्या नावावर नसतो, कारण वहीत तिचे नावच नाही. कोयत्याच्या नावावर असतो. हत्याराचे नाव माणसाला, आणि माणसांपैकी दोघांना मिळून, कोणी एका दिवशी ठरवून दिले नाही; हिशोब सोपा व्हावा म्हणून ते पडले, आणि हिशोब ज्याच्या हाती त्याच्या सोयीने टिकले. अर्थ समाजात कसा घडतो याचे याहून नेमके उदाहरण मला या जिल्ह्यात सापडले नाही. कोपीत रात्री चूल पेटली की पाथर्डीची बाई बीडच्या बाईशी, आणि दोघी बागाईतदाराच्या गड्याशी ज्या मराठीत बोलतात तिला कोणत्या तालुक्याची म्हणावे? मुले तर ‘करू राहिला’ आणि ‘करायलाय’ एकाच वाक्यात वापरून मोकळी होतात. कुपवाडात जे घडायला काही शतके लागली त्याची पहिली पायरी येथे दर हंगामास नव्याने पडत असेल, आणि ती टिकते की पाडव्याला गावी परतल्यावर पुसली जाते, हे ऐकल्याशिवाय समजणार नाही.

यात एक व्यावहारिक अडचण आहे. तोडणीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास लागतो, आणि पाऊस ओसरून रस्ते सुकले म्हणून जो अभ्यासक नेमका याच महिन्यांत पाथर्डीच्या गावी नमुने घ्यायला जाईल, त्याला ओसरीवर म्हातारीकोतारी आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरे तेवढी भेटतील. तरुणांच्या बोलीची घरे कुलपात असतील, आणि त्याच्या नकाशावर हा तालुका आहे त्याहून जुनाट बोलणारा ठरेल. त्याने यंत्र घेऊन थेट कारखान्यावर जावे. फडात पहाटेपासून मोळ्या बांधायची घाई असते, तेव्हा कोणी उभे करणार नाही; पण गाड्या भरून काट्याच्या रांगेत लागल्या की दोन-तीन तास नंबर येत नाही, बैल सोडलेले असतात, वाढ्यांच्या विक्रीवरून भांडणे झालेली असतात, आणि सगळ्यांनाच बोलायला वेळ असतो.